आजीच्या ज्ञानाला शाळेत आसन हवे
(धानोरा, जि. नंदुरबार येथे पालक-शिक्षक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा हे आपले वनवासी बांधव पिढ्यान्‌पिढ्या सातपुड्याच्या आश्रयाने नांदत आले. या समाजाने जे ज्ञान जपले, त्यापैकी किती आपल्या मुलांच्या पाठ्यक्रमात पोहोचले? आज याच प्रश्नाचा विचार आपण करू.

पहिलीत येणारे मूल कोऱ्या पाटीसारखे येत नाही. मोहाची फुले पहाटे गळतात, हे त्याला ठाऊक असते. कोणते कंद खावेत, कोणते उकळल्याशिवाय तोंडात घालू नयेत, हे त्याने आजीकडून ऐकलेले असते. मात्र शाळेत त्याला यांतले काहीच कोणी विचारत नाही. त्याची बोली वर्गात अशुद्ध ठरते. हळूहळू त्याची समजूत होते की, ज्ञान पुस्तकात असते आणि आपल्या घरी असते ते अज्ञान. शाळा सोडणाऱ्या मुलाची नोंद तरी होते. शाळेत राहून स्वतःच्या आईवडिलांची लाज बाळगू लागलेल्या मुलाची नोंद कोणत्याही हजेरीपटात सापडत नाही.

ही लाज किती खोल जाते, हे कॅनडाने दाखविले आहे. तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले, त्यांना मातृभाषेत बोलण्यास मज्जाव केला गेला. २००८ साली तेथील पंतप्रधानांनी संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली. याउलट न्यूझीलंडमध्ये माओरी समाजाने १९८२ साली अशा बालशाळा सुरू केल्या, जेथे घरातील वडीलधारी माणसेच लहानग्यांना आपल्या भाषेत वाढवू लागली. पहिल्या देशाने आजीला शाळेबाहेर ठेवले, दुसऱ्या देशात आजी वर्गात आली.

आपल्याला मात्र परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांची कुरणशाळा गुरांमागे कुरणात गेली. दगड, पाने, बिया हीच शिक्षणाची साधने झाली. १९५२ साली जशपूर येथे बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रमाचे कार्य सुरू केले, त्यामागेही हीच श्रद्धा होती की, शिक्षण घेताना आपल्या परंपरेपासून तुटण्याची गरज नाही.

या कार्याला आज निकड का आली आहे? हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. तो विजय मिळाला, कारण आपल्या पूर्वजांनी लिहून ठेवलेला पुरावा हाती होता. सातपुड्याचे ज्ञान मात्र मौखिक आहे. जाणती पिढी गेली की, तिच्याबरोबर तो पुरावाही जाईल. २००२च्या जैवविविधता कायद्याने लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद केली आहे. ती नोंदवही दप्तरात धूळ खात पडू नये, यासाठी गावातील मुलेच तिचे लेखनिक का होऊ नयेत?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये भारतीय ज्ञानपरंपरेबरोबर जनजातींच्या ज्ञानाचाही अभ्यासक्रमात समावेश करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचा आग्रह तर संविधानाच्या अनुच्छेद ३५०-अ मध्येच आहे. दार उघडले आहे. आत जाण्याचे काम आपले आहे.

ते कसे करावे? मोहाची ओली फुले तोलावीत, वाळल्यावर पुन्हा तोलावीत. शेकडेवारीचे गणित तेथेच समजते. धडगावचे आमचूर प्रसिद्ध आहे. कैरीच्या फोडी वाळविल्यावर का टिकतात, हा विज्ञानाचा धडा त्यात आहे. दिवाळीत भाविक अस्तंबा शिखराची यात्रा करतात. त्या वाटेचा नकाशा मुलांनी काढला, तर भूगोलाबरोबर अश्वत्थाम्याची कथाही शिकता येईल आणि सातपुड्याचे महाभारताशी असलेले नातेही उमगेल. जुन्या ज्वारीचे, मक्याचे वाण मुलांनी आपापल्या घरून आणून नावानिशी मांडावेत. कुपोषणाची चिंता वाहणाऱ्या या जिल्ह्यात रानभाज्यांचा पाठ हा केवळ कौतुकाचा विषय नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. जुने ते सर्वच खरे, असे आम्ही म्हणत नाही. सर्पदंश झाला तर रुग्णालयच गाठावे लागेल. सिकलसेलसाठी रक्ताची तपासणीच करावी लागेल. अंगाऱ्याने ते निदान होणार नाही. परंपरेचा आदर करणाऱ्याने तिला प्रश्न विचारण्याचे धैर्यही दाखवावे. आमचे पूर्वजही निरीक्षणानेच शिकले. शिवाय जाणत्यांचे ज्ञान त्यांच्या अनुमतीनेच नोंदवावे आणि त्यांचे नाव त्यापुढे लिहावे. ज्ञान घ्यायचे आणि ज्ञानी माणसाला विसरायचे, ही आपली संस्कृती नव्हे.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. महिन्यातून एक दिवस गावातील एका जाणत्या व्यक्तीला वर्गात बोलवावे. तिला खुर्ची द्यावी, तिच्या बोलीतच तिला बोलू द्यावे आणि आपण मुलांबरोबर खाली बसून ऐकावे. त्या एका तासात मूल झाडपाल्याची नावे शिकेल. त्याहून मोठी गोष्ट त्याला दिसेल ती ही की, आपल्या आजीसमोर आपले गुरुजी शिष्य होऊन बसले आहेत. ज्याने हे पाहिले, ते मूल पुढे मुंबई-पुण्यात शिकले, डॉक्टर-अभियंता झाले, तरी आपल्या गावाची लाज बाळगणार नाही. अशी ताठ मानेची पिढी या मातीत उभी राहिली, तर राष्ट्रकार्यात धानोऱ्याचा वाटा मोलाचा ठरेल.

भारतमाता की जय!