समाजकार्याचे विद्यार्थी : आले कोठून, जाणार कोठे?

(मनमाड येथे संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



एम.एस.डब्ल्यू. ही अक्षरे आता आपल्या वस्त्यांना नवी राहिलेली नाहीत. नाशिकला, धुळ्याला, अहिल्यानगरला समाजकार्याची महाविद्यालये आहेत. मनमाडहून सकाळची गाडी धरून नाशिकला जाणाऱ्यांत या अभ्यासक्रमाची मुलेमुलीही असतात. पण आपला मुलगा नेमके काय शिकतो असे आईला विचारले तर ती म्हणते, "समाजाचं काहीतरी शिकतो." वडील विचारतात, "समाजसेवा करायला कॉलेज कशाला लागतं? आम्ही काय वर्ग भरवून मोर्चे काढले?" वडिलांचा हा प्रश्न भाबडा नाही. त्याचे सरळ उत्तर विद्यार्थ्याला देता आले पाहिजे आणि संस्थेलाही देता आले पाहिजे.

थोडा इतिहास पाहू. आपल्या देशातील समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सुरू झाली. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क असे तिचे नाव, आणि क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक. हीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. पदवीधरांसाठीची शाळा, हे तिच्या नावातच होते. त्या काळी आपल्या समाजात पदवीधर किती होते, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी, याच मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा विचार त्यांनी त्या परिषदेत मांडला, हे आपणा सर्वांना पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामाचा बारीक हिशेबही मांडला होता, तो मात्र आपण विसरतो. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते आणि तेथे विटाळ आडवा येतो. वर्कशॉपमध्ये त्याला कारागिराच्या जागेपर्यंत जाऊ देत नाहीत. कोण कोठे अडतो, कशामुळे अडतो, हे इतक्या नेमकेपणाने शोधणे यालाच आज समाजकार्याच्या वर्गात सामाजिक परिस्थितीचे विश्लेषण म्हणतात. तेव्हा, वडीलधाऱ्यांनो, मोर्चा काढणाऱ्यांना शिक्षण नव्हते असे समजू नका. त्यांनी ते परिषदेत, संघटनेत घेतले. आज तेच शिक्षण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मिळण्याची सोय आहे, इतकेच.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. आमच्यासमोर या शिक्षणासाठी येणारे विद्यार्थी साधारणपणे तीन वाटांनी येतात.

पहिली वाट चळवळीची. घरात बाबासाहेबांचे ग्रंथ, जयंतीच्या मंडळात काम, वसतिगृहात असताना शिष्यवृत्तीसाठी केलेले धरणे. हा विद्यार्थी बोलतो चांगला. मात्र घरोघर जाऊन ऐकून घ्या म्हटले की त्याचा धीर सुटतो.

दुसरी वाट पोटाची. बी.ए. झाले, स्पर्धा परीक्षेत दोन-तीनदा यश हुकले, कोणी सांगितले की या पदवीवर समुपदेशकाची, अधीक्षकाची जागा निघते. असा विद्यार्थी मुलाखतीत 'मला समाजसेवेची आवड आहे' असे पाठ केलेले वाक्य म्हणतो आणि खाली पाहतो. त्याला आम्ही सांगतो, खाली पाहू नकोस. ज्याच्या घरात तीन पिढ्या मजुरी झाली त्याने पगाराची जागा मागणे हे पाप नाही.

तिसरी वाट अर्जाची. हिच्याबद्दल कोणी बोलत नाही, पण आपल्या मुलामुलींत हीच वाट अधिक दिसते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, विधवा आजीचे निराधार योजनेचे प्रकरण, सरकारी दवाखान्यातला केसपेपर. घरात शिकलेली मुलगी एकच, म्हणून बाराव्या-तेराव्या वर्षापासून हे सारे तिच्याकडे. साहेब जेवायला गेलेत, उद्या या, हे तिने शंभर वेळा ऐकलेले असते. टेबलाच्या अलीकडे उभे राहणे म्हणजे काय, ते तिला कोणी शिकवावे लागत नाही. अशी मुलगी पदवी घेऊन टेबलाच्या पलीकडे बसते तेव्हा दोन गोष्टी घडू शकतात. एक तर ती समोरच्या माणसाला बसायला खुर्ची देते, किंवा ज्यांनी तिला उभे ठेवले त्यांच्यासारखीच होते. आमच्या मते समाजकार्याच्या शिक्षणाची खरी परीक्षा येथे आहे. गुणपत्रिकेवर ती छापलेली नसते.

म्हणून विद्यार्थी कोणत्या वाटेने आला याला आम्ही फार महत्त्व देत नाही. आल्यावर तो पाहायला काय शिकला, हे महत्त्वाचे. याबाबत बाबासाहेबांचे एक पत्र प्रत्येक विद्यार्थ्याने वाचले पाहिजे. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, गोलमेज परिषदेसाठी जाताना, 'व्हिक्टोरिया' बोटीवरून त्यांनी ठक्करबाप्पांना ते लिहिले. अस्पृश्यता निवारणाच्या नव्या संस्थेने कोणते काम करावे, हा त्याचा विषय. बाबासाहेब सांगतात की अशा कामाच्या दोन दृष्टी आहेत. माणूस दुःखात आहे तो त्याच्या स्वतःच्या दुर्गुणांमुळे, असे मानले की व्यसनमुक्ती, व्यायामशाळा, वाचनालय यांवर भर येतो. परिस्थितीच त्याला खाली दाबते आहे, असे मानले की परिस्थिती बदलण्यावर भर येतो. त्यांनी दुसऱ्या दृष्टीचा आग्रह धरला. विहिरीवरचे पाणी, शाळेतला प्रवेश, चावडी, नोकरीतील समान संधी ही कामे त्यांनी नावानिशी मांडली. खेड्यापाड्यांत कार्यकर्त्यांची फौज लागेल, हक्कासाठी लढणाऱ्याला कोर्टकचेरीत साथ द्यावी लागेल, असेही लिहिले. आणि हे कार्यकर्ते शक्यतो पीडित समाजातूनच यावेत, कारण हे काम ते प्रेमाने करतील, हे कारणही दिले. मित्रहो, एम.एस.डब्ल्यू.च्या विद्यार्थ्याचे कामच या पत्रात लिहिलेले आहे.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्या गावचे उदाहरण घेऊ. मनमाडच्या पाण्याची कथा तुम्हाला आम्ही काय सांगावी? वागदर्डी धरण आटले की नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी, अशी वर्षे या गावाने काढली आहेत. अशा वर्षी एखाद्या वस्तीत विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी गेला आणि त्याने 'स्वच्छतेचे महत्त्व' या विषयावर तक्ते लावून भाषण दिले, तर बायका तोंडाला पदर लावून हसणारच. एका ड्रमात पंधरा दिवस काढणाऱ्या बाईला हात धुण्याचे महत्त्व माहीत असते. तिला हवे असते ते हे की टँकर कोणत्या दिवशी कोणत्या गल्लीत येतो याची नोंद कोणीतरी ठेवावी, आपल्या गल्लीत तो का येत नाही ते विचारावे आणि नगरपालिकेकडे दहा बायकांसह जावे. पहिला विद्यार्थी माणसाचा दोष शोधतो, दुसरा परिस्थितीचा. बाबासाहेबांच्या पत्रातला भेद तो हाच.

या शिक्षणात वर्गाइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला असते. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात किंवा एखाद्या संस्थेत काम करतो, त्याचा अहवाल लिहितो आणि शिक्षक तो अहवाल त्याच्याबरोबर बसून तपासतात. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन ही अवघड नावे आहेत, पण अर्थ सोपा आहे : एकाला मदत कशी करावी, दहांना एकत्र कसे बसवावे आणि वस्तीला आपल्या प्रश्नासाठी उभे कसे करावे. मुलांना जड जातो तो अहवाल. 'वस्तीची परिस्थिती हलाखीची आहे' असे लिहिले की आम्ही विचारतो, किती घरे? नळ किती? शाळा सोडलेली मुले किती, आणि कोणत्या इयत्तेनंतर? हलाखी हा शब्द खोडून आकडा लिहायला शिकणे म्हणजे अर्धे समाजकार्य शिकणे होय.

चुकीच्या नोंदीने आणि घाईच्या निष्कर्षाने काय होते, याचे उदाहरण आपल्या स्टेशनावर घडले आहे. ३० मे २०२३ रोजी बिहारकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीतून भुसावळ व मनमाड येथे ५९ मुलांना उतरवून घेण्यात आले. कामाला जुंपण्यासाठी त्यांची तस्करी होत आहे, असा संशय होता. मुलांसोबतचे मदरशाचे शिक्षक तुरुंगात गेले, मुले काही दिवस नाशिक-जळगावच्या बालगृहांत राहिली. तपासाअंती तस्करी आढळली नाही आणि २०२४ साली रेल्वे पोलिसांनी प्रकरण बंद केले. संशय आला म्हणून मुलांना थांबवणे, हे आम्ही चूक म्हणणार नाही. जंक्शनच्या गावात हरवलेली, पळालेली, पळवलेली मुले येतातच आणि त्यांना कोणी न थांबवणे हे अधिक वाईट. पण थांबवल्यावर काय? कायद्याने मुलाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते आणि त्याची सामाजिक तपासणी १५ दिवसांत पुरी करायची असते. मुलाशी त्याच्या भाषेत बोलणे, त्याच्या गावी चौकशी करणे, आईबापांचे म्हणणे ऐकणे आणि कोणाचा धर्म, जात, कपडे पाहून आधीच निकाल न लावणे, हे काम शिकलेल्या माणसाचे आहे. त्याच्या एका अहवालावर मुलाची घरवापसी आणि मोठ्यांची अब्रू अवलंबून असते. समाजसेवेला कॉलेज कशाला, याचे आमचे उत्तर हे आहे.

आता नोकरीचे बोलू. येथे बसलेल्या आईवडिलांच्या मनात तेच आहे. मोठ्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा, असे कायदा सांगतो; १९४८ च्या कारखाने अधिनियमात ही मर्यादा ५०० कामगारांची होती. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. एच.आय.व्ही. तपासणी केंद्रांत समुपदेशक, जिल्हा बाल संरक्षण कक्षात अधिकारी, न्यायालयाच्या कामात परिविक्षा अधिकारी, अशा जागा आहेत. मुंबई पोलिसांत १९८४ साली स्त्रिया व मुलांसाठी सुरू झालेला विशेष कक्ष आणि १९९६ साली सुरू झालेली १०९८ ही मुलांची फोनसेवा, हे दोन्ही टाटा समाजविज्ञान संस्थेच्या क्षेत्रकार्यातून उभे राहिले. १०९८ आज शासनाकडे आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, तेथेही माणसे लागतात. मात्र यांतल्या पुष्कळ जागा कंत्राटी आहेत, पगाराऐवजी मानधन असते आणि प्रकल्प संपला की नोकरी संपते, हेही ऐकून ठेवा. म्हणून पदवीबरोबर कायद्याचे वाचन, संगणक आणि मराठी-इंग्रजी दोन्हींत नीट अहवाल लिहिण्याची सवय पाहिजे. ज्याचा अहवाल चांगला, त्याला दुसरा प्रकल्प मिळतो, हा आमचा अनुभव आहे.

आपल्या मुलांची एक अडचण मात्र कोणत्याही पुस्तकात नाही. बाहेरच्या संस्थेत त्याला फक्त 'त्यांच्या' वस्तीत पाठवतात, जणू इतरत्र त्याचे काही काम नाही. आणि आपल्या वस्तीत लोक म्हणतात, तू आपला आहेस, फुकट कर. बाबासाहेबांनी प्रेमाने काम करणारा कार्यकर्ता मागितला. प्रेम याचा अर्थ उपाशी पोट असा आपण लावू नये. डॉक्टर आपल्या समाजाचा असला तरी आपण त्याची फी देतो. समाजकार्यकर्त्याचे घरही भाड्याचेच असते.

म्हणून संस्थेला चार गोष्टी सुचवून आम्ही थांबतो. उत्तीर्ण विद्यार्थ्यांचा शाल-पुष्पगुच्छ देऊन सत्कार जरूर करा. पण त्याआधी जवळच्या महाविद्यालयांना पत्र लिहून, आमच्या संस्थेत दरवर्षी दोन विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी पाठवा, असे कळवा. त्यांना बसायला एक टेबल आणि लिहायला एक नोंदवही द्या. शिष्यवृत्ती व स्वाधार योजनेचे अर्ज भरण्याचा दिवस ठरवा आणि ते काम या विद्यार्थ्यांकडे सोपवा, म्हणजे बारा वर्षांच्या मुलीला तहसीलच्या पायऱ्या एकटीने झिजवाव्या लागणार नाहीत. चौथी गोष्ट, प्रवासभाड्याचा एक लहानसा निधी ठेवा. पास काढायला पैसे नाहीत म्हणून महिन्यातले चार-सहा दिवस बुडतात, परीक्षेचा अर्ज अडतो आणि वर्ष जाते.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुम्ही चळवळीतून या, पोटासाठी या किंवा अर्ज भरता भरता या, तुमचे स्वागत आहे. पदवी घेऊन मुंबईला गेलात, पुण्याला गेलात, तरी आम्ही तुम्हाला दूषण देणार नाही. जेथे बसाल तेथे समोर उभ्या असलेल्या माणसाला आधी बसायला सांगा, मग त्याचे नाव विचारा, आणि त्याचे काय चुकले हे शोधण्यापूर्वी त्याला कशाने अडवले ते शोधा. एवढे केलेत तर तुमच्या आईला शेजारणीने विचारल्यावर 'समाजाचं काहीतरी' असे म्हणावे लागणार नाही. मुलगी काय करते, ते तिला नीट सांगता येईल.



जय भीम.