यंत्रांची बोली कोणाच्या मालकीची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मालकीचा प्रश्न निघाला की जमीन, गिरणी, खाण आपल्या डोळ्यांपुढे येते. दोन यंत्रांनी परस्परांशी कसे बोलावे, या नियमांवरही मालकी सांगता येते, हे सहसा ध्यानात येत नाही. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या मोडेमचा इतिहास त्यासाठी पाहण्याजोगा आहे.

सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगासाठी व्ही.३२ हे मानक सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८४ साली ठरविले. त्यात दोन्ही बाजू एकाच वेळी पूर्ण वेगाने बोलतात. म्हणून प्रत्येक मोडेमला स्वतःचाच प्रतिध्वनी ओळखून वगळावा लागतो. त्यासाठी लागणारी गणनशक्ती तेव्हा फार महाग होती. अमेरिकेतील यू. एस. रोबोटिक्सने १९८६ मध्ये ही अडचण चतुराईने टाळली. तिच्या एचएसटी मोडेममध्ये वेग एकाच दिशेने होता. उलट दिशेची वाट अगदी मंद ठेवली होती. मोडेम स्वस्त झाला. हे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा वेग मिळण्यासाठी पलीकडेही त्याच पद्धतीचा मोडेम हवा. नाहीतर जोडणी २४०० वर घसरे. संदेशफलक चालविणाऱ्यांना कंपनीने मोठ्या सवलतीत मोडेम दिले ते याच हिशेबाने. केंद्र हाती आले की त्याला जोडून घेणारे ग्राहक आपोआप येतात.

खरी स्वस्ताई आली ती खुल्या मानकामुळे. १९९१ मध्ये १४,४०० बिटांचे व्ही.३२ बिस आले, रॉकवेलसारख्यांनी त्याच्या चिप अनेक उत्पादकांना विकल्या, स्पर्धा वाढली आणि किमती कोसळल्या. पण पुढे रॉकवेलनेच ल्यूसेंटसह ५६ हजारांच्या वेगासाठी के५६फ्लेक्स ही स्वतंत्र पद्धत काढली, यू. एस. रोबोटिक्सची एक्स२ तिच्यासमोर उभी होती. १९९७ साली ग्राहकाला मोडेम घेण्याआधी आपली इंटरनेट सेवा कोणत्या गोटातली, हे विचारावे लागे. १९९८ मध्ये व्ही.९० हे समान मानक ठरले, तेव्हा हा झगडा मिटला.

तो मिटू शकला, कारण एकत्र बसण्याची जागा आधीपासून होती. सीसीआयटीटी ज्या संघटनेची शाखा, ती आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना १८६५ सालची. भारत १८६९ पासून तिचा सदस्य आहे. अर्थात मानक म्हणजे लोकसत्ता नव्हे. त्या बैठकांत कंपन्यांचे तज्ज्ञ असतात आणि मानकांतही पेटंटे दडलेली असतात. म्हणूनच तिथे सार्वजनिक हिताचा प्रतिनिधी जागरूक हवा.

मोडेम आज अडगळीत गेला, प्रश्न गेलेला नाही. मोठ्या संदेशसेवांनी इतरांसाठी दारे उघडावीत, असा कायदा युरोपीय संघाला २०२२ साली करावा लागला. आपल्याकडे २०१६ पासून यूपीआयने एका बँकेचा ग्राहक दुसरीच्या ग्राहकाशी जोडला, तो सामायिक नियमांमुळेच. नवे यंत्र स्वस्त मिळते म्हणून त्याचे स्वागत जरूर करावे. मात्र ते दुसऱ्याच्या यंत्राशी बोलेल काय, आणि कोणाच्या परवानगीने, हे विकत घेण्यापूर्वी विचारण्याची सवय आपण लोकांना लावली पाहिजे.