श्रोता कोलंबोला का गेला?

आकाशवाणी, खासगी एफएम व सामुदायिक रेडिओ अशा तिन्ही घरांतून जयसिंगपुरात जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सांगली इथून हाकेच्या अंतरावर, कोल्हापूर तासाभराच्या वाटेवर. दोन्ही शहरांची केंद्रं पकडण्याची धडपड करणारा श्रोता याच पट्ट्यात राहतो. ‘शेजारची केंद्रं आणि स्पर्धा’ या विषयासाठी तुम्ही अगदी नेमकी जागा निवडलीत.

काल दिवसभर जाहिरातीचे दर, दहा सेकंदांचा भाव, शेजारच्या केंद्राने पळवलेले सराफ आणि साडीवाले यांवर तावातावाने चर्चा झाली. ती व्हायलाच हवी, पगार त्यातूनच निघतात. मला मात्र श्रोत्याच्या बाजूने बोलायचं आहे. गावात केंद्र असताना माणूस शेजारचं केंद्र का लावतो? माझ्या मते शेजाऱ्याच्या ताकदीपेक्षा आपण दिलेला नकार त्याला जास्त कारणीभूत असतो. आपण जे द्यायचं नाकारतो, तेच शोधत श्रोता कुंपणापलीकडे जातो. आपल्या देशात हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडलं. नव्या निवेदकांपैकी अनेकांना ती हकिगत अमीन सायानींच्या नावापुरतीच ठाऊक आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि पुढची दहा वर्षं त्या खात्यावर राहिले. जन्म पुण्याचा, शिक्षण पॅरिसपर्यंतचं, ध्रुपदाची तालीम घेतलेली. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आकाशवाणीवरच्या सिनेगीतांचा वाटा त्यांनी १० टक्क्यांवर आणला. गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणंही बंद केलं, कारण त्यांच्या लेखी ती फुकटची जाहिरात होती. निर्माते बिथरले, त्यांनी प्रसारणाचे हक्कच काढून घेतले, आणि काही महिन्यांत सिनेगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसं झालं.

शेजारी तयारच होता. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी सिलोनमध्ये १०० किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक बसवला होता. युद्धानंतर तो सिलोन सरकारकडे आला. १९५० मध्ये कोलंबो योजनेतून आलेल्या क्लिफर्ड डॉड या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याने त्यावर व्यापारी सेवा उभी केली. लघुलहरी आकाशातल्या वरच्या थरावरून परतून शेकडो मैलांवर उतरतात, त्यामुळे कोलंबोचा आवाज थेट आपल्या ओसरीवर येऊ लागला. आकाशवाणी तेव्हा जाहिराती घेत नव्हती. मुंबईतल्या जाहिरातदारांसाठी कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित व्हायचे आणि टेपा विमानाने कोलंबोला जायच्या. गायक इथले, संगीतकार इथले, पैसा इथला, ऐकणाराही इथलाच. फक्त प्रक्षेपक परका.

त्यातूनच डिसेंबर १९५२ मध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सुरुवातीचं तिचं रूप आज कोणाला फारसं आठवत नाही. अर्धा तास, सात गाणी, क्रम मुद्दाम उलटसुलट केलेला. श्रोत्यांनी लोकप्रियतेचा बरोबर क्रम लावून पाठवायचा, बक्षीस १०० रुपये. निवेदक अमीन सायानी जेमतेम वीस वर्षांचे, त्यांना आठवड्याचे २५ रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला. पत्रं आवरेनात, म्हणून १९५४ पासून तासाभराची, पायदानांची गीतमाला आली. क्रम कसा ठरायचा? रेकॉर्डविक्रेत्यांकडून खपाचे आकडे यायचे आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं त्यांच्या जोडीला असायची. झुमरी तलैय्यासारखं गाव अख्ख्या देशाला ठाऊक झालं ते याच पत्रांनी. श्रोता मोजला जात होता आणि त्याला ते कळतही होतं. त्या केंद्राची सकाळची शिस्तही अशीच घट्ट होती. साडेसात ते आठ जुनी गाणी, आणि शेवटचं गाणं सैगल यांचं. घराघरात त्या गाण्यावर घड्याळं लावली जात.

यात केसकरांना खलनायक ठरवण्याची रीत पडली आहे. ती मला मान्य नाही. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच १९५२ साली सुरू झाला. वाद्यवृंदही त्यांच्याच काळातला. सिनेगीताची जागा भरून काढायला केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उघडले गेले, आणि त्या मोकळ्या जागेत आपल्या भाषेत काय उगवलं ते आठवा. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. दीड वर्षातच, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, त्या कोवळ्या केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. सीताकांत लाड यांची कल्पना, माडगूळकरांचे शब्द, बाबूजींचं संगीत. आठवड्याला एक नवं गीत. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे ५२ ऐवजी ५६ गीतं झाली. आठवड्याच्या आत गीत लिहायचं, चाल बांधायची, माणिक वर्मांसारख्या गायक-गायिकांकडून बसवून घ्यायचं आणि ठरल्या वेळी हवेत सोडायचं! वर्षभर हा नेम सांभाळणं म्हणजे काय, हे या मांडवात बसलेल्या प्रत्येक निर्मात्याला ठाऊक आहे. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत. ते सिलोनला उत्तर म्हणून लिहिलं गेलं, असं मी म्हणत नाही. पण एका प्रादेशिक केंद्राने शेजाऱ्याची नक्कल न करता, दुसऱ्या कोणाजवळ नसलेलं काही घडवलं, आणि मराठी माणूस काटा फिरवून पुण्यावर आला, ही वस्तुस्थिती आहे. केसकरांची चूक झाली ती नकाराच्या बाबतीत. सुगम संगीताचं दार उघडताना सिनेगीताचं दार लावून घ्यायची काही गरज नव्हती. श्रोत्याला दोन्ही हवं होतं.

आकाशवाणीचं अधिकृत उत्तर आलं ते ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारती. पंडित नरेंद्र शर्मांनी तिला घडवलं. सिनेगीत परत आलं, आणि सोबत ‘हवामहल’, फौजी भावांसाठी ‘जयमाला’. जाहिराती मात्र घ्यायच्या नाहीत हा हट्ट आणखी दहा वर्षं टिकला. १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे, नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. १९५२ ते १९६७. एका नकाराची दुरुस्ती करायला पंधरा वर्षं लागली.

आता आजच्याकडे येते. लघुलहरींचा जमाना गेला. एफएमची लहर नजरेच्या रेषेत चालते, खंबाटकी घाट ओलांडताना पुण्याची केंद्रं खरखरू लागतात. म्हणजे आपला शेजार पन्नास किलोमीटरचा, कोल्हापूर–सांगलीचा. या शेजारात आपण श्रोत्याला काय नाकारतो आहोत?

पहिलं, निवड. एका शहरातली तीन केंद्रं एकाच वेळी एकच नवं हिंदी गाणं वाजवतात, हे मी इथे येताना गाडीत ऐकलं. काटा फिरवून काही फरक पडत नसेल, तर श्रोता काटा फिरवणारच नाही, तो मोबाइलवरच्या अ‍ॅपवर जाईल, आणि जातोही आहे. मराठी गाण्यांना ‘मार्केट नाही’ असं सांगितलं जातं. हे ठरवलं कोणी? श्रोते मोजणारी ‘रॅम’ ही पद्धत २००७ मध्ये आली, तीही महानगरांपुरती. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नांदेड इथे काय ऐकलं जातं ते कोणीही नियमाने मोजलेलं नाही. सत्तर वर्षांपूर्वी पोस्टकार्डांवरून जे कळत होतं, ते आज आपण मुंबईच्या आकड्यांवरून अंदाजाने ठरवतो.

दुसरं, गावाचा आवाज. खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने कंपन्यांना आपल्या जाळ्यातल्या केंद्रांवर एकच कार्यक्रम लावायची मुभा दिली. खर्च वाचतो, हे खरं. लहान केंद्रांची मिळकत मला ठाऊक आहे, म्हणून या सवलतीवर मी सरसकट टीका करणार नाही. पण सकाळच्या वेळेतही दुसऱ्या शहरातला निवेदक बोलत असेल, तर ते केंद्र या गावचं राहत नाही.

याचा अर्थ काय होतो, ते याच तालुक्याचं उदाहरण घेऊन सांगते. शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीला, पंचगंगा कृष्णेला मिळते. इथल्या माणसाला पावसाळ्यात दोन आकडे लागतात. एक कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचा, तिथे ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. दुसरा सांगलीच्या आयर्विन पुलाचा, तिथे ४० आणि ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही नद्या एकदम फुगल्या, महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, तेव्हा जनावरं कधी सोडायची, माणसं कुठे हलवायची हे या दोन आकड्यांवर ठरत होतं. कोल्हापूरचं केंद्र बंधारा सांगेल, सांगलीचं पूल सांगेल, आणि दोन्ही आकडे सगळ्यांत आधी, बरोबर आणि तासातासाला जो सांगेल त्याचं केंद्र शिरोळमध्ये लागेल. शेजारच्या बाजारातली स्पर्धा मला अशी हवी आहे.

‘आम्हाला बातम्या द्यायला बंदी आहे’ हे उत्तर मला इथे चालणार नाही. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, हे खरं. ही बंदी अन्यायकारक आहे, असं माझंही मत आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’नेही सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी अशी शिफारस केली. पण हवामान, वाहतूक, वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती, परीक्षा, नोकऱ्या, जत्रा-उत्सव यांची माहिती आजच्या धोरणातही बातम्यांत धरलेली नाही. प्रशासनाने दिलेली पाणीपातळी वाचायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. जे दार उघडं आहे, त्यातून आधी आत जाऊ या.

म्हसवडकडे पाहा. २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ दुष्काळी माणदेशात चालू आहे. सामुदायिक रेडिओला १०० वॅटची मर्यादा, आवाज दहा-बारा किलोमीटरच्या पलीकडे जात नाही. तरी तिथल्या बायका आपल्या बोलीत माइकसमोर बोलतात, आणि ते केंद्र त्या मुलखाचं आहे हे पहिल्या वाक्याला कळतं. आपल्याकडे त्याच्या कितीतरी पट शक्तीचे प्रक्षेपक आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्यात लातूर, चंद्रपूर, यवतमाळ आहेत. मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना हा त्यामागचा जाहीर हेतू आहे. तो हेतू परवान्याच्या अटींत उतरला नाही, तर लातूरला लातूरचं काहीच ऐकू येणार नाही.

म्हणून आज दुपारच्या सत्रात तीन ठराव ठेवले आहेत. सकाळी सात ते दहा प्रत्येक केंद्रावर त्याच शहरातला निवेदक असावा. महानगरांबाहेरच्या शहरांत सर्व केंद्रांनी खर्च वाटून घेऊन वर्षातून दोनदा श्रोतेमोजणी करावी आणि आकडे खुले ठेवावेत. आणि येत्या पावसाळ्यापासून कोल्हापूर व सांगलीच्या केंद्रांनी बंधारा आणि पूल या दोन्ही ठिकाणची पातळी तासातासाला प्रसारित करावी. पहिल्या दोन ठरावांसाठी मंत्रालयाकडे, कंपन्यांकडे जावं लागेल. तिसऱ्यासाठी कोणाकडेच जावं लागत नाही. दोन्ही शहरांचे केंद्रप्रमुख इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. जेवणापूर्वी त्यांनी एकत्र बसून वेळापत्रक ठरवावं, आणि ते या व्यासपीठावरून वाचून दाखवावं, अशी अध्यक्ष म्हणून माझी त्यांना विनंती आहे.