कापसाच्या गंजीवर नजर : रेकॉर्डर कोणता घ्यावा?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वेचलेला कापूस भाव वाढेल या आशेने घरात किंवा गोदामात दोन-दोन महिने पडून राहतो. त्यातील क्विंटलभर चोरीस गेला, तरी ते विक्रीच्या वेळी काट्यावरच उमगते. म्हणून कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, म्हणजे एनव्हीआर, घेताना चॅनेल किती यापेक्षा चित्रण किती दिवस टिकेल, हे आधी विचारावे.

एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट चित्रण पाठवीत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांना ८६ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क ११ दिवसांत भरते आणि जुन्यावर नवे चित्रण चढते. ४ टीबी घेतल्यास दीड महिना निघतो. एच.२६५ पद्धतीत एच.२६४ च्या जवळपास निम्मी जागा पुरते. मात्र कॅमेरेही त्याच पद्धतीचे हवेत.

पीओई पोर्टचा रेकॉर्डर थोडा महाग पडतो, तरी तोच घ्यावा. त्यात एकाच केबलमधून, १०० मीटरपर्यंत, वीज व चित्र दोन्ही जातात. त्यामुळे एका इन्व्हर्टरवर सारा संच चालतो. साध्या रेकॉर्डरला प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वीज वेगळी द्यावी लागते. लाईन गेली की कॅमेरा आंधळा. चोरालाही तीच वेळ सोयीची!

रेकॉर्डर कापसाजवळ ठेवू नये. धूळ बसते, शिवाय चोर तोही उचलून नेईल. राहत्या घरात, कुलुपात, पण हवा खेळेल असा ठेवावा.

शेतातील गोठ्यावर, जेथे वीज पाळीपाळीने येते, तेथे मात्र एनव्हीआरवर पैसे घालू नयेत. सौर पॅनेलवर चालणारा मेमरी कार्डचा कॅमेरा तेथे पुरतो.