शवागाराचे सांडपाणी आणि जिवाणूंची सेवा



आजचा विषय ऐकून काहींनी नाक मुरडले असेल. परंतु मृतदेहाचे स्नान, विच्छेदन आणि जतन जेथे होते, तेथून पाणी वाहतेच. आणि ते पाणी अखेर आपल्याच नदीला मिळते. तेव्हा त्याचा विचार करणे हे नागरिकाचे कर्तव्यच होय.

या पाण्यात दोन परस्परविरोधी गोष्टी असतात. पहिली रक्त व शरीरद्रव. ते जिवाणूंचे खाद्य. त्याचा फडशा पाडताना जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवितात. रक्ताची ही प्राणवायूची भूक घरगुती सांडपाण्याच्या कित्येक शेकडो पट असते. असे पाणी तसेच नदीत सोडले, तर मासे गुदमरून मरतात. दुसरी गोष्ट म्हणजे फॉर्मॅलिन. १८९३ साली फर्डिनांड ब्लूम यांनी शरीरातील ऊती टिकविण्याचा त्याचा गुण दाखविला. ज्या गुणाने ते शव टिकविते, त्याच गुणाने ते जिवाणूंना मारते. म्हणजे एकीकडे जेवणाचे ताट वाढले आहे, आणि त्याच ताटात विष कालवले आहे!

मग उपाय काय? १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी दाखविले की, सांडपाण्यात हवा खेळवून खाली बसलेला गाळ टाकून न देता पुन्हा वापरला, तर आठवड्यांचे शुद्धीकरण एका दिवसावर येते. त्या गाळात जिवाणूंची वसाहत असते. आश्चर्य असे की, फॉर्मॅलिनचा अंश थोडा असेल आणि हळूहळू सवय लावली, तर काही जिवाणू त्याचे प्रथम फॉर्मिक आम्लाच्या क्षारात व मग कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. अट एकच: घोट लहान हवा. म्हणून प्रथम मोठ्या टाकीत पाणी साठवून त्याचा तिखटपणा सम करावा, मग हवेच्या टाकीत सोडावे, गाळ बसू द्यावा, आणि जंतुनाशक अगदी शेवटी घालावे. आधीच ब्लीचिंग पावडर मुक्तहस्ते ओतली, तर मदतीचे जिवाणूच मरतात. वापरलेले फॉर्मॅलिन तर मोरीत ओतूच नये. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत ते वेगळे गोळा करण्यास सांगितले आहे.

याच नियमांतील एक कसोटी मला फार बोलकी वाटते. शुद्ध केलेल्या पाण्यात, त्यात दुसरे पाणी न मिसळता, मासे सोडावेत. ९६ तासांनी शंभरातले नव्वद जिवंत राहिले पाहिजेत. कागदावरचे आकडे फसवू शकतील, मासा फसवीत नाही.

श्रोतेहो, हे पाणी रोज हाताळणारा सफाई कामगार आपल्या सभेत क्वचितच दिसतो. फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगास कारण होते, हे २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले. आपल्या गावच्या शवागाराचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न नगरपालिकेच्या सभेत विचारा. मृताला आपण आदराने निरोप देतो; त्याच्यामागे उरलेल्या पाण्याचा निरोपही तितकाच नीट घ्यावा, इतकेच मागणे.