‘कळलं का?’ हा प्रश्न मी बंद केला

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण आज कोडबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय आमच्या रविवारच्या मोबाईल वर्गाबद्दल. पुण्यात, घराजवळच्या विरंगुळा केंद्रात आम्ही चार मित्र निवृत्त लोकांसाठी हा वर्ग चालवतो. फी नाही, मानधन नाही.

सुरुवातीला वाटलं, आपण बीटेक झालेले, यात काय अवघड आहे! पहिल्याच दिवशी मी एका तासात यूपीआय, डिजीलॉकर, गूगल मॅप्स, सगळं उरकलं. शेवटी विचारलं, “कळलं का?” सगळे म्हणाले, “हो हो, छान सांगितलंस बाळा.” मी खूश.

तिसऱ्या आठवड्यात एक काकू आल्या नाहीत. निवृत्त शिक्षिका, कायम पहिल्या रांगेत. फोन केला तर म्हणाल्या, गुडघा दुखतोय. मग हळूहळू खरं बाहेर आलं. जुनं कपाट विकायला त्यांनी ऑनलाइन जाहिरात टाकली होती. घेणारा म्हणाला, “पैसे पाठवतोय, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका.” अठरा हजार गेले.

चार दिवस झाले होते. मुलालाही सांगितलं नव्हतं. मला म्हणाल्या, “तू सांगितलं होतंस रे. पण सगळे ‘हो’ म्हणाले, मग मी एकटीच ‘नाही’ कशी म्हणू?”

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे मिळाले नाहीत. फसवणुकीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात झटपट फिरतो. लगेच कळवलं तर तो वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. काकूंचे ते चार दिवस लाजेत गेले. आणि ती लाज माझ्या “कळलं का?”मधूनच आली होती, हे मला मान्य करावं लागलं.

मग आम्ही तीन गोष्टी बदलल्या.

एक, “कळलं का?” बंद. त्याऐवजी “आता शेजारच्यांना करून दाखवा.” आणि त्यांचा फोन आपण हातात घ्यायचा नाही. कितीही वेळ लागू दे!

दोन, वर्गाची पहिली दहा मिनिटं चुकांची. सुरुवात मी केली. इंजिनिअर असून मी एकदा कुरिअरच्या खोट्या लिंकवर क्लिक केलं होतं, ते सांगितलं. मग काकू उठल्या आणि कपाटाची गोष्ट सांगितली. त्यानंतर आणखी तिघं बोलले. एका आजोबांना ‘डिजिटल अरेस्ट’चा फोन आला होता. कायद्यात असा प्रकारच नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना पक्कं कळलं.

तीन, शिकवणारे त्यांच्यातलेच. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका आता यूपीआय शिकवतात. ते म्हणतात, “पाकिटाची चेन पैसे द्यायला उघडायची. पिन म्हणजे ती चेन. पैसे घ्यायला पिन लागत नाही!” माझ्या वीस स्लाइड्सनी जे झालं नाही, ते या एका वाक्याने झालं.

ही काही आमची नवी कल्पना नाही हं. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात निवृत्तांसाठी ‘थर्ड एज’ विद्यापीठ सुरू झालं. तिथे विद्यापीठ शिकवायचं. १९८० च्या दशकात ही कल्पना ब्रिटनमध्ये गेली आणि बदलली: सभासदच शिकवणार, सभासदच शिकणार. आम्ही ठेच खाऊन तिथेच पोहोचलो.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचे दिवस. नेमका त्या रविवारी ऑफिसचा सर्व्हर बंद पडला आणि मला दीड तास उशीर झाला. धावत पोहोचलो, तर त्याच काकू एकेकाला ‘जीवन प्रमाण’ अ‍ॅपवर चेहरा स्कॅन करायला शिकवत होत्या. “चष्मा काढा, उजेडाकडे तोंड करा, आता डोळ्यांची उघडझाप करा!” मला बघून म्हणाल्या, “बस रे, पाणी पी. आमचं चाललंय.”

खरं सांगू? क्षणभर वाईट वाटलं. आपली गरजच नाही! मग लक्षात आलं, वर्ग आत्ता कुठे उभा राहिलाय.

तुम्हाला असा गट सुरू करायचा असेल तर जरूर करा. आणि १९३० हा नंबर आजच आईबाबांच्या फोनमध्ये सेव्ह करा. नाही, चुकलो. त्यांनाच सेव्ह करू द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा.