गाडीला धाप का लागली?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणीतरी पाककृतींवर किंवा मुलांच्या आरोग्यावर बोलते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या मोटारीची ती हकीकत सांगा." तेव्हा लाडू पुढच्या वर्षी.

आमच्याकडे २०११ सालची पेट्रोलची गाडी आहे. मागल्या हिवाळ्यात मी सासूबाईंना डोळे दाखवायला देवगाव फाट्याहून जालन्याला नेत होते. मंठा मागे पडला. पुढे कापसाचा ट्रक होता. रस्ता मोकळा दिसला म्हणून मी गाडी बाजूला काढली, अॅक्सिलरेटर दाबला, आणि कोणी मागून धरून ठेवावे तशी गाडी मंदावली. समोरून एस. टी. आली. ट्रकवाल्याने वेग कमी केला, म्हणून आज येथे उभी आहे. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, गाडीला धाप लागली का गं?" कडेला दहा मिनिटे थांबलो, पुन्हा सुरू केली तर काही झालेच नाही अशी पळू लागली!

पंचाईत तीच होती. डॉक्टरांच्या दारात पोराचा ताप उतरावा, तसा हा बिघाड कारागिरापुढे दिसेचना. पहिल्याने प्लग बदलले. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्याने ह्यांना बाजूला घेऊन सांगितले, "वहिनींचा पाय हलका पडत असेल." राग आला. पण दुधाचा हिशेब लिहिते त्या वहीचे मागचे पान उघडले आणि प्रत्येक खेप मांडू लागले: किती अंतर झाले, टाकीचा काटा कुठे होता, चढ की सपाट, धक्के बसले की नुसतीच ओढ गेली.

तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले. गावातल्या गावात कधीच नाही. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर, जोर मागितला की. टाकी पाव भागाच्या खाली असली की हमखास. धक्के नाहीत, नुसती ओढ जाते. आणि थांबले की बरी होते. हवेची जाळी तुंबली असती, तर दहा मिनिटांच्या विसाव्याने ती मोकळी झाली नसती. ठिणगीचा दोष असता, तर गाडी बहुधा आचके देत चालली असती.

वही घेऊन मी तिसऱ्या कारागिराकडे गेले. त्याने ती शेवटपर्यंत वाचली, हे मला विशेष वाटले. पेट्रोलच्या नळीला त्याने दाब मोजायचे घड्याळ लावले. गाडी जागेवर सुरू असताना दाब ठीक. मग घड्याळ तसेच ठेवून आम्ही रस्त्यावर निघालो. मी जोर दिला आणि काटा घसरला. जागेवर उभ्या गाडीत हे कधीच दिसले नसते.

आमच्या गाडीचा पेट्रोलपंप टाकीच्या आतच, मागच्या बाकाखाली असतो आणि त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते. नळाला आपण फडके बांधतो, तसेच समजा. धार बारीक असेल तर फडके चालते. नळ पूर्ण सोडला की गाळ फडक्यावर बसतो आणि धार तुटते. येथेही पंपाने जोराने ओढले की तळाचा गाळ जाळीला चिकटे, आणि इंजिन थांबले की सुटून खाली बसे. टाकी भरलेली असली की पेट्रोलच पंपाला थंड ठेवते. कमी असली की पंप तापतो, शिवाय हेलकाव्याने गाळ ढवळतो. सासरे सांगत, पूर्वी उन्हाळ्यात अँबॅसडर बंद पडली की पंपावर ओले फडके टाकीत. तेव्हा नळीत पेट्रोलची वाफ होऊन अडे. तो पंप इंजिनापाशी, हाताला लागणारा. हा टाकीत बुडालेला. म्हणून घरी टाकी उघडण्याचा उद्योग कोणी करू नये. पेट्रोलची वाफ बटणाच्या ठिणगीनेही पेटते.

टाकी धुतली, जाळी बदलली. जाळीला इंजेक्टर आणि पंप मिळून सांगितलेल्या रकमेच्या मानाने अगदी किरकोळ खर्च आला. घड्याळ लावून पुन्हा तोच रस्ता, तोच जोर. काटा हलला नाही. चढावरही नाही.

आता टाकी पावाखाली जाऊ देत नाही. जालन्याला निघताना सासूबाई चष्मा लावतात, मागून वाकतात आणि विचारतात, "काटा कुठंय गं आज?"